रिसाला आणि मशीद : अठराव्या शतकातील यहुदी शिपाई

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन शहरांत, यहुदी लोकांच्या जीवनाला वळण देणाऱ्या तीन घटना घडल्या. सप्टेंबर १७९४ मध्ये लिथुआनियात जन्मलेल्या बेरेक योसेलेविच नावाच्या तरुण यहुद्याला वॉर्सॉ येथे केवळ यहुदी स्वारांचा रिसाला उभारण्याची परवानगी मिळाली. १७९६ साली मुंबई फौजेतील आपले ज्ञातिबांधव सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, यांनी मांडवी भागात बेने इस्राएल समाजाची मुंबईतील पहिली मशीद बांधली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या २ तारखेस हेग येथील राष्ट्रीय सभेने हॉलंडमधील यहुद्यांना इतर नागरिकांच्या बरोबरीचे हक्क दिले.

ज्या हूफडॉर्पमध्ये आज आपल्यापैकी काही कुटुंबे नांदत आहेत, ते गाव त्या वेळी नव्हतेच. तेथे हार्लेमच्या सरोवराच्या लाटा उसळत होत्या. वाफेच्या तीन पंपांनी ते सरोवर उपसून १८५२ मध्ये जमीन कोरडी केली आणि पुढल्या वर्षी गाव वसू लागले. असे असले तरी वरील तिन्ही घटनांचा येथे राहणाऱ्या बेने इस्राएल माणसाशी निकटचा संबंध आहे. परक्या राज्यात राहणाऱ्याने त्या राज्याला काय द्यावे, आणि ते देताना स्वतःचे काय राखावे, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी उभा होता. आणि त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली गेली.

प्रथम लिथुआनियाकडे वळू. १५६९ पासून पोलंडचे राज्य व लिथुआनियाची महासंस्थानी सत्ता यांचे एकच संयुक्त राज्य झाले होते. राजा एक, कायदेसभा एक. पण लिथुआनियाची फौज व खजिना स्वतंत्र होते. त्या फौजेचा मान घोडदळाकडे असे. तेथील मानकरी स्वाराची रीत समजून घेण्यास मराठी वाचकाला फारसे श्रम पडू नयेत. आपल्याकडे स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. लिथुआनियातील उमराव घराण्यातला स्वार हा आपल्या शिलेदारासारखाच. तो स्वतःचा घोडा व बरोबर चाकर घेऊन येई. भाला हे त्याचे मुख्य हत्यार. १७७६ च्या सुमारास जुनी चिलखती पथके मोडून त्यांचे ‘राष्ट्रीय घोडदळ’ बनविण्यात आले आणि त्यांच्या जोडीला हलक्या घोडदळाचे आघाडीचे रिसाले ठेवण्यात आले.

या हलक्या घोडदळात एक विलक्षण गोष्ट आढळते. लिथुआनियाचा महाराजा व्हिताउतास याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तार्तार मुसलमानांना आपल्या मुलुखात जमिनी देऊन वसविले होते. आपल्याकडील सरंजामाप्रमाणेच हा करार होता : जमीन घ्यावी आणि हाक येताच घोड्यानिशी हजर व्हावे. चारशे वर्षे त्यांनी तो करार पाळला. त्यांची बोली मागे पडली, त्यांनी स्थानिक भाषा स्वीकारली. पण त्यांच्या लाकडी मशिदी व त्यांचा धर्म अबाधित राहिला. यूझेफ बेलाक हा तार्तार सेनानी लिथुआनियाच्या आघाडीच्या चौथ्या रिसाल्याचा प्रमुख होता. १७९२ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात तो लढला आणि १७९४ मध्ये निधन पावला. युरोपातील भालाईतांना जे ‘उलान’ हे नाव मिळाले, तेही या तार्तारांपासूनच.

ख्रिस्ती राज्यात मुसलमानांचा रिसाला मानाने नांदत होता. परंतु त्याच राज्यात संख्येने कितीतरी अधिक असलेल्या यहुद्यांना नियमित फौजेत जागा नव्हती. ते कर भरीत, व्यापार व कारागिरी करीत, प्रसंगी आपल्या नगराच्या तटावर रक्षणासही उभे राहत. पण शिपाई म्हणून त्यांची गणना होत नसे. १७८८ ते १७९२ या काळात भरलेल्या कायदेसभेने राज्याची नवी घटना केली, सैन्य वाढविण्याचे ठराव केले. यहुद्यांच्या स्थितीचा प्रश्न मात्र चर्चेतच राहिला.

बेरेक योसेलेविचचा जन्म १७६४ साली क्रेटिंगा या लिथुआनियातील गावी झाला. व्हिल्ना येथील बिशप मासाल्स्की यांचा कारभारी म्हणून त्याने नोकरी केली. त्या नोकरीमुळे त्याचे पॅरिसला जाणे झाले. फ्रेंच भाषा त्याला अवगत झाली, आणि माणसाचे हक्क या विषयावरची जी चर्चा त्या शहरात चालली होती तीही त्याच्या कानी पडली. पुढे तो वॉर्सॉसमोर, विस्तुला नदीच्या पलीकडील तीरावर असलेल्या प्रागा या उपनगरात राहू लागला. हे प्रागा म्हणजे चेक लोकांची राजधानी नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

१७९४ च्या वसंतात तादेउश कोश्चुश्को याने रशियाविरुद्ध उठावाचे निशाण उभारले. त्या वेळी राज्याचे लचके तोडण्याचे काम शेजारी सत्तांनी १७७२ व १७९३ अशा दोन वेळा केले होते. लिथुआनियाच्या राजधानीत, व्हिल्ना येथे, याकूब यासिन्स्कीने एप्रिलमध्ये उठाव केला. बेरेकचा जुना धनी बिशप मासाल्स्की रशियाच्या बाजूचा ठरला आणि जूनमध्ये वॉर्सॉच्या संतप्त जमावाने त्याला फासावर लटकविले. बेरेक उठावाच्या बाजूने उभा राहिला. त्याने व यूझेफ आरोनोविच या सहकाऱ्याने यहुद्यांच्या स्वतंत्र रिसाल्याची मागणी केली. कोश्चुश्कोने ती मान्य करून १७ सप्टेंबर रोजी तसे जाहीर केले व बेरेकला कर्नलचा हुद्दा दिला. १ ऑक्टोबर रोजी बेरेकने यिद्दिश भाषेत आपल्या बांधवांना आवाहन केले. सुमारे पाचशे माणसे पुढे आली.

ही माणसे शिलेदार नव्हती. त्यांत बहुतेक गरीब व कारागीर लोक होते. आयुष्यात घोड्यावर मांड टाकण्याचा प्रसंग त्यांतील कित्येकांवर आला नसेल. सरकारने थोडीबहुत रक्कम दिली, उरलेला खर्च वर्गणीतून भागविण्यात आला. पण या रिसाल्याचे खरे वैशिष्ट्य वेगळेच होते. त्यातील स्वारांना दाढी राखण्याची मोकळीक होती, त्यांच्यासाठी कोशेर अन्नाची सोय होती आणि शक्य तेथे शाब्बाथ पाळण्यास मुभा होती. दाढीवाल्यांचा रिसाला अशी त्यांची ओळखच झाली. बार कोखबाच्या बंडानंतर यहुद्यांचे स्वतंत्र लष्करी पथक उभे राहिले ते हेच, असे पुष्कळ इतिहासकार मानतात. जे काम तार्तारांना चार शतके साधले होते, ते आम्हांलाही साधेल, असेच जणू बेरेकचे म्हणणे होते.

परंतु त्याला अवधी मिळाला नाही. १० ऑक्टोबर रोजी कोश्चुश्को जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडला. ४ नोव्हेंबर १७९४ रोजी सेनापती सुवोरोवच्या फौजेने प्रागावर हल्ला चढविला. तटावर लढणारे तर पडलेच. पण तट फुटल्यावर उपनगरातील हजारो नि:शस्त्र रहिवाशांचीही कत्तल झाली. व्हिल्नाचा यासिन्स्की त्याच दिवशी मारला गेला आणि यहुद्यांचा रिसाला जवळजवळ संपूर्ण नष्ट झाला. आवाहनाच्या दिवसापासून मोजले तर त्याचे आयुष्य पाच आठवड्यांचे भरते. पुढील वर्षी, १७९५ मध्ये, पोलंड व लिथुआनियाचे ते संयुक्त राज्यच नकाशावरून पुसले गेले.

बेरेक मात्र वाचला. तो ऑस्ट्रियाच्या मुलुखात निसटला, पुढे इटलीत जमलेल्या पोलिश सैन्यात सामील झाला आणि नेपोलियनच्या युद्धांत लढला. १८०७ मध्ये वॉर्सॉचे छोटे राज्य स्थापन झाल्यावर त्याच्या घोडदळात त्याने अधिकारी म्हणून चाकरी केली, शौर्याची पदके मिळविली आणि ५ मे १८०९ रोजी कोत्स्क या गावी ऑस्ट्रियन स्वारांशी लढताना त्याला मृत्यू आला. त्याचा मुलगाही सैन्यात होता. मात्र यहुदी म्हणून यहुद्यांचा रिसाला पुन्हा त्याच्या हाताखाली आला नाही. अखेरची पंधरा वर्षे तो इतरांच्या पथकांतला एक यहुदी अधिकारी होता.

आता कोकणाकडे येऊ. आपले पूर्वज कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पण घाण्याबरोबर तलवारही त्यांना अगदीच परकी नव्हती. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्राएल माणसे होती. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईचे महत्त्व वाढू लागले, तशी कोकणातील कुटुंबे तेथे जाऊ लागली, आणि इंग्रजांच्या कंपनीने देशी शिपायांच्या पलटणी उभारल्या तेव्हा आपल्या तरुणांनी त्यांत नावे नोंदविली. ही नोकरी पायदळाची. घोडा नाही, भाला नाही, खांद्यावर बंदूक. आणि येथे यहुद्यांची स्वतंत्र पलटण अशी कधी झाली नाही. मराठा, मुसलमान, महार व इतर अनेक जातींच्या शिपायांबरोबर एकाच रांगेत आपला माणूस उभा असे.

सामाजी हसाजी दिवेकर हे याच फौजेत देशी अधिकाऱ्याच्या पदापर्यंत चढले. १७८० ते १७८४ या काळात कंपनी व म्हैसूर यांच्यात जे दुसरे युद्ध झाले, त्यात ते व त्यांचे बंधू इसाजी शत्रूच्या हाती सापडले. त्यांच्या सुटकेची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कैद्यांना त्यांची जात विचारण्यात आली, तेव्हा त्यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. टिपू सुलतानाच्या मातोश्रींनी ते ऐकले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हे लोक, म्हणून त्यांनी रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. ही परंपरेची कथा आहे, दप्तरातील नोंद नव्हे, हा भेद वाचकांनी राखावा. पण कैदेतून सुटल्यास देवाचे मंदिर बांधीन असा नवस सामाजींनी केला होता, हेही त्याच परंपरेत सांगितले जाते; आणि त्या नवसाची फेड मात्र दगडाविटांत उभी राहिली.

१७९६ मध्ये बांधलेल्या त्या मशिदीचे नाव शाअर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार. पुढे १८४० मध्ये शाअर रात्सोन ही दुसरी मशीद झाल्यावर पहिलीला जुनी मशीद व दुसरीला नवी मशीद म्हणण्याचा प्रघात पडला. जुन्या मशिदीची आजची वास्तू १८६० ची आहे आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नावही आपल्या याच मशिदीवरून पडले असे सांगतात. इमारत झाली, तरी तिला सेफेर तोरा हवा. तो आणण्यासाठी सामाजी कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले.

दोघांची तुलना करताना एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. बेरेक ज्या राज्यासाठी लढला ते त्याच्या जन्मभूमीचे होते, जरी त्या राज्याने त्याच्या बांधवांना समान हक्क दिले नव्हते. सामाजींची चाकरी मात्र परदेशी व्यापाऱ्यांच्या कंपनीची होती, आणि त्याच कंपनीच्या पलटणींनी १८१८ मध्ये पेशवाई बुडविली. त्या पलटणींत आपली माणसे होती हे आपण लपवू नये. त्या काळी ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे हाच शिपाईधर्म मानला जाई. कोकणातील मराठ्यांनी, महारांनी, मुसलमानांनीही तोच पाळला. शिवाय लहान समाजाला त्या नोकरीने पुष्कळ दिले. नियमित पगार आला, निवृत्तिवेतन आले, पलटणीच्या शाळांतून मुलांना लिहिता-वाचता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकात सुभेदार, सुभेदार-मेजर झालेले बेने इस्राएल अनेक होते. त्या शतकाच्या अखेरीस एकेका कंपनीत एकाच जातीची भरती करण्याचे धोरण आले. ज्यांची संख्या एक कंपनी भरण्याइतकीही नव्हती, त्यांच्या बढतीची वाट त्यामुळे बंद झाली आणि आपली मुले कचेऱ्या, रेल्वे व इस्पितळे यांकडे वळली. स्वतंत्र भारताच्या आरमारात व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन यांनी ती जुनी परंपरा पुन्हा उजळली.

म्हणजे पाहा, ज्याची स्वतंत्र पलटण होती तिचा पाच आठवड्यांत अंत झाला; आणि ज्यांची कधीच स्वतंत्र पलटण नव्हती, त्यांची स्वतंत्र पलटण नाही म्हणूनच पुढे दारे मिटली.

तिसरे उत्तर आज आपण ज्या देशात राहतो तेथले. जानेवारी १७९५ मध्ये फ्रेंच सैन्याच्या पाठिंब्याने हॉलंडमध्ये बटाव्हियन प्रजासत्ताक स्थापन झाले. आम्स्टरडॅमच्या काही यहुद्यांनी नव्या नागरी संरक्षक दलात येऊ द्यावे अशी मागणी केली. ती नाकारण्यात आली. येथेही पहिला झगडा शस्त्र धरण्याच्या हक्कावरूनच सुरू झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच फेब्रुवारीत त्यांनी फेलिक्स लिबर्ताते नावाचे मंडळ काढले. त्यात काही ख्रिस्ती सभासदही होते. आश्चर्य असे की, या मागणीला सर्वांत कडवा विरोध झाला तो यहुदी समाजाच्याच पारनासीम मंडळींकडून, म्हणजे आपल्याकडील मुकादमांसारख्या पुढाऱ्यांकडून. नागरिक झालो की समाजाची स्वायत्तता जाईल, आपले नियम आपल्याला चालविता येणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. ती अगदीच निराधार नव्हती. २ सप्टेंबर १७९६ च्या ठरावाने हक्क मिळाले ते एकेका माणसाला; समाज म्हणून जी सत्ता होती ती ओसरू लागली. १७९७ मध्ये ब्रोमेट व लेमॉन हे दोन यहुदी राष्ट्रीय सभेवर निवडूनही आले. १८०९ मध्ये राजा लुई बोनापार्टने यहुद्यांची स्वतंत्र लष्करी तुकडी उभारण्याचा घाट घातला. पण पुढल्याच वर्षी हॉलंड फ्रान्सला जोडले गेले आणि तीही टिकली नाही.

कायद्याने दिलेले हक्क मौल्यवान असतात. परंतु ते तेवढ्यानेच सुरक्षित राहत नाहीत, हे या भूमीने भयंकर रीतीने पाहिले आहे. १९४० मध्ये जर्मनांनी हा देश व्यापला तेव्हा येथे सुमारे १,४०,००० यहुदी होते. त्यांपैकी १,००,००० हून अधिकांना ठार मारण्यात आले. बेरेकच्या लिथुआनियात तर जवळजवळ सारा यहुदी समाजच संपविण्यात आला. आम्स्टरडॅमची १६७५ सालची पोर्तुगीज मशीद त्यातूनही अभंग राहिली आणि तेथे आजही मेणबत्त्यांच्या उजेडात प्रार्थना होते. मात्र पूर्वी तिच्या आसपास गजबजलेली हजारो घरे उरली नाहीत. भारतात आपल्या वाट्याला असा दिवस कधी आला नाही, हे भाग्य आपण विसरता कामा नये.

हॉलंडचा आणि आपला संबंध आजचा नाही, तो दिवेकरांच्याही आधीचा आहे. कोचीन १६६३ पासून १७९५ पर्यंत डच कंपनीकडे होते आणि तेथील यहुदी व्यापारी एझेकिएल राहाबी हे त्या कंपनीचे मुख्य व्यापारी होते. त्यांनी १७६८ मध्ये हेग येथील तोबियास बोआस या यहुदी गृहस्थांना एक पत्र पाठविले. त्यात मराठी मुलुखात बेने इस्राएल नावाचे लोक आहेत, ते शेमा म्हणतात व शाब्बाथ पाळतात, असा उल्लेख आहे. म्हणजे आपली वार्ता या देशात येऊन अडीच शतके लोटली. आपण स्वतः मात्र पुष्कळ उशिरा आलो. त्या पत्रात आपली ओळख काय सांगितली आहे ते पाहण्यासारखे आहे. त्यात मान-मरातब नाही, पराक्रम नाही. एक वाक्य आणि एक दिवस, एवढेच आहे.

येथेच बेरेकचे पाचशे स्वार आणि दिवेकरांची मशीद जवळ येतात. पोलंडच्या उठावात अनेक रिसाले लढले व पडले. बेरेकच्या रिसाल्याचे नाव उरले, कारण त्याने रणांगणावरही शाब्बाथ मागून घेतला. मुंबई फौजेत देशी अधिकारी शेकड्यांनी झाले. सामाजींचे नाव रस्त्यावर राहिले, कारण कैदेतून परत आलेल्या त्या शिपायाने आपल्या लोकांना एकत्र जमण्यासाठी एक छप्पर दिले. चाकरी कोणाची करावी, कोणत्या देशाचे नागरिक व्हावे, हे काळ व पोट ठरविते. पण त्या चाकरीतून आपल्यासाठी काय राखून ठेवावे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. त्या बाबतीत या दोघांनीही आपल्या हाती होते तेवढे केले.

आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी पलटणीत नोकरी केली आहे. त्यांची पदके, निवृत्तिवेतनाचे कागद, जुनी छायाचित्रे अजून पेट्यांतून असतील. इंग्रजी अमदानीतील मोहिमांच्या पदकांच्या कडेवर बहुधा शिपायाचे नाव व पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन पाहावे. पलटण कळली की मुंबईच्या सरकारी पुराभिलेखात व लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात पुढील शोध घेता येतो. कोकणातील कबरस्थानांत ज्यांच्या घराण्यातील जुने दगड आहेत, त्यांनी त्यावरील मराठी व हिब्रू अक्षरे पुसली जाण्यापूर्वी उतरवून घ्यावीत. येथे वाढणारी आपली मुले डच शाळेत या देशाचा इतिहास शिकतात, क्रुकियसचा जुना पंप पाहून येतात, हे योग्यच आहे. त्यांना सामाजी दिवेकरांचे नाव मात्र शाळेत कोणी सांगणार नाही. ते घरीच, शक्यतो शुक्रवारच्या रात्री किद्दुशनंतर, सांगावे लागेल.